माजी सैनिकांचा संघ कशासाठी?

बेळगाव आणि पलटण यांचे नाते या स्मरणिकेच्या वाचकांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ साली येथे आले, त्याला आता शंभरांहून अधिक वर्षे झाली. खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज या टापूत ज्या गावाने सैन्यात एकही जवान धाडला नाही असे गाव विरळाच. आपल्या सभासदांपैकी कित्येकांच्या घरी भिंतीवर गणवेशातील एखादे छायाचित्र आणि माळ्यावर नाव-नंबर रंगवलेली काळी ट्रंक असतेच. तरीही ‘माजी सैनिकांचा संघ नेमके काय करतो?’ असे कोणी विचारले, तर आपल्यापैकी बहुतेकांस समाधानकारक उत्तर देता येत नाही. २६ जानेवारीस आणि १५ ऑगस्टला पदके लावून रांगेत उभी असलेली वृद्ध मंडळी आपण पाहतो, नमस्कार करतो आणि घरी परततो. संघ म्हणजे जुन्या मंडळींनी एकत्र बसून लढाईच्या गोष्टी सांगण्याची जागा, अशीही अनेकांची समजूत आहे.

ती समजूत अगदीच खोटी नाही. गोष्टी सांगावयास आणि ऐकावयास माणसे लागतातच. परंतु संघाचे मुख्य काम त्याहून निराळे आहे, आणि ते न झाल्यास एखाद्या घराची चूल थंडावू शकते. ते काम कोणते, ते कसे चालते आणि त्यात आपला वाटा कोणता, हे थोडक्यात सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

चाळिशीतील निवृत्ती

शाळामास्तर किंवा सरकारी कारकून अठ्ठावन्न-साठीला निवृत्त होतो. तोपर्यंत त्याची मुले हाताशी आलेली असतात. शिपायाचे तसे नाही. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला तरुण, वरची बढती न मिळाल्यास, चाळिशीच्या आगेमागे घरी येतो. शिपायास निवृत्तिवेतन मिळण्यासाठी साधारणपणे १५ वर्षांची नोकरी लागते. ती पुरी झालेली असते, पेन्शन चालू होते. पण ज्या वयात इतरांचा संसार ऐन भरात असतो त्या वयात याला नवा धंदा किंवा नवी नोकरी शोधावी लागते. मुले अजून शाळेत असतात. आईवडील थकलेले असतात. शेतीच्या वाटण्या त्याच्या गैरहजेरीत होऊन गेलेल्या असतात.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. पलटणीत बिगुलावर उठावयाचे आणि बिगुलावर निजावयाचे. जेवण, कपडे, औषध, रजेचा पास, सारे कोणीतरी पाहत असते. गाऱ्हाणे असेल तर दरबार भरतो, तेथे कमांडिंग ऑफिसरसमोर उभे राहून बोलता येते. गावी आल्यावर हे सारे एका दिवसात नाहीसे होते. तलाठ्याकडे, बँकेत, तहसील कचेरीत कसे बोलावे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. वीस वर्षे घर चालवले ते पत्नीने किंवा भावाने. त्यामुळे घरातही त्याचा शब्द आरंभी पाहुण्यासारखाच असतो. तोफखान्यात राहिलेल्यांस पुष्कळदा कमी ऐकू येते, काहींना रात्री झोप लागत नाही, आणि काहीजण रिकामपणात कँटीनच्या बाटलीच्या नादी लागतात. हे बोलणे कटू वाटेल. पण ज्या घरांनी ते सोसले आहे त्यांना ते ठाऊक आहे.

अशा माणसाला आपल्यासारखी दहा माणसे आठवड्यातून एकदा भेटली, तर अर्धे दुखणे तेथेच हलके होते. ‘तुझी कोणती पलटण?’ या एका प्रश्नावर जी ओळख पटते ती नातलगांतही पटत नाही. संघाचा हा पहिला उपयोग. गावी आलेल्या शिपायाला संघ म्हणजे त्याचा दरबारच होय.

थोडा पूर्वेतिहास

सैन्यातून परतलेल्यांची व्यवस्था लावली पाहिजे, ही जाणीव पहिल्या महायुद्धाने सर्व देशांत निर्माण केली. इंग्लंडात १९२१ साली चार निरनिराळ्या संघटना एकत्र होऊन ब्रिटिश लीजन ही संस्था स्थापन झाली. आपल्याकडे १९१९ साली इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले. १९५१ साली त्याच्या नावात खलाशी आणि वैमानिक यांचाही समावेश झाला आणि १९७५ पासून ते केंद्रीय सैनिक बोर्ड या नावाने ओळखले जाते. संरक्षणमंत्री त्याचे अध्यक्ष असतात. त्याच्या जोडीला राज्यांत सैनिक कल्याणाची खाती आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याणाची कार्यालये आहेत. जखमी होऊन अपंग झालेल्या सैनिकांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली मुंबईत निघाली व पुढे पुण्याजवळ खडकीस गेली. पाठीच्या कण्यास इजा होऊन पाय निकामी झालेल्या सैनिकांसाठी खडकीसच १९७४ साली पुनर्वसन केंद्र सुरू झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात गेली होती. युद्ध संपताच त्यांपैकी बहुतेकांस घरी धाडण्यात आले. केरन, सांगशक आणि इटलीतील डोंगर पाहून आलेले मराठे त्यांत होते. नोकरीची वर्षे पुरी न भरल्याने यांपैकी असंख्यांना पेन्शन लागू झाली नाही. ती पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. पण सैन्यातून परतलेल्या माणसाने एकट्याने राहू नये, हा धडा तिने घालून दिला. स्वतंत्र भारताचे पहिले हिंदी सरसेनापती फील्ड मार्शल करिअप्पा यांनीही निवृत्तीनंतर माजी सैनिकांच्या संघटनेसाठी पुष्कळ श्रम घेतले.

शासन काय देते?

वाचकांच्या सोयीसाठी मुख्य योजनांचा येथे उल्लेख करतो.

पहिली गोष्ट निवृत्तिवेतनाची. समान हुद्दा आणि समान नोकरी असणाऱ्यांस, ते केव्हाही निवृत्त झालेले असोत, समान पेन्शन मिळावी ही मागणी कित्येक वर्षांची होती. ‘एक हुद्दा, एक पेन्शन’ या तत्त्वाचा आदेश नोव्हेंबर २०१५ मध्ये निघाला आणि तो १ जुलै २०१४ पासून लागू झाला. दर पाच वर्षांनी दरांची फेरतपासणी होते. त्यानुसार २०१९ आणि २०२४ या वर्षांच्या १ जुलैपासून नवे दर आले.

दुसरी गोष्ट औषधोपचाराची. माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. एकदाच वर्गणी भरून सभासद झाल्यावर सैनिक, त्याची पत्नी आणि अवलंबून असलेले कुटुंबीय यांना योजनेच्या दवाखान्यात व मान्यताप्राप्त इस्पितळांत उपचार मिळतात. असा दवाखाना बेळगावातही आहे.

तिसरी गोष्ट ध्वजनिधीची. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपण जे लहानसे ध्वज घेतो त्यांतील तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा हे रंग तिन्ही दलांचे होत. डब्यात टाकलेले ते नाणे कोठे जाते, हे आपण क्वचितच विचारतो. हवालदार किंवा त्याखालील हुद्द्याचा, ६५ वर्षांवरील, पेन्शन नसलेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा यांना या निधीतून दरमहा साहाय्य मिळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये हे साहाय्य ४,००० वरून ८,००० रुपये करण्याचा निर्णय झाला. त्याच वेळी दोन मुलांपर्यंतचे शिक्षणसाहाय्य प्रत्येकी दरमहा १,००० वरून २,००० रुपये आणि विवाहासाठीचे साहाय्य ५०,००० वरून १,००,००० रुपये झाले. याखेरीज तांत्रिक व व्यावसायिक पदवीच्या अभ्यासासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे; २०१९-२० पासून तिचा दर मुलांस दरमहा २,५०० व मुलींस ३,००० रुपये असा आहे.

नोकरीच्या बाबतीत केंद्र सरकारच्या नियमांत गट ‘क’ मध्ये १० टक्के व गट ‘ड’ मध्ये २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखून ठेवल्या आहेत.

यादी पाहिली म्हणजे वाटते की, शासनाने एवढे केले आहे, मग संघाने करावयाचे काय उरले? उत्तर असे की, यांतील प्रत्येक गोष्ट अर्ज केल्यावाचून मिळत नाही आणि अर्ज कागदावाचून चालत नाही. कागद कोठे असतो? बहुधा माळ्यावरच्या त्या काळ्या ट्रंकेत.

ट्रंकेतील कागद

आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत पुष्कळ घरांत होती व काही घरांत अद्याप आहे. समजा, माहेरची कमल सासरी येऊन सुनंदा झाली. सुटी संपवून पलटणीत परतलेल्या नवऱ्याने कारकुनास पत्नीचे नाव सुनंदा सांगितले आणि तेच नोंदले गेले. शाळा सोडल्याचा दाखला मात्र कमल या नावाचा. पुढे आधार कार्ड काढताना तो दाखला दाखवला, म्हणून तेही कमल याच नावाचे झाले. बँकेच्या पुस्तकात तिसरेच स्पेलिंग पडले. नवरा हयात आहे तोवर याने काही बिघडत नाही, कारण पेन्शन त्याच्या नावाने येते. तो निवर्तला की प्रश्न उभा राहतो : नोंदीतील सुनंदा ती हीच कशावरून? ज्याच्या एका सहीने हा प्रश्न सुटला असता तो माणूसच आता नसतो. मग प्रतिज्ञापत्रे, पंचायतीचे दाखले, पत्रव्यवहार आणि महिनोन्‌महिने वाट पाहणे. ज्या बाईने नवऱ्यामागे एकटीने घर चालवले, तिला उतारवयात आपण त्याचीच बायको आहोत हे सिद्ध करीत हिंडावे लागते.

यास्तव संघाचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे सैनिक हयात असतानाच त्याचे कागद तपासणे. हे काम अवघड नाही, चिकाटीचे आहे. त्यात पुढील गोष्टी पाहाव्या लागतात.

पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पी.पी.ओ.मध्ये, पत्नीचे नाव आहे काय आणि ते आधार कार्डाशी अक्षरशः जुळते काय? तिची जन्मतारीख नोंदलेली आहे काय? ही तारीख क्षुल्लक वाटते, पण वयाची ८० वर्षे पुरी झाल्यावर पेन्शनमध्ये २० टक्के, ८५ नंतर ३०, ९० नंतर ४०, ९५ नंतर ५० आणि शंभरीनंतर १०० टक्के अशी जादा रक्कम मिळते, आणि ती कुटुंबनिवृत्तिवेतनासही लागू आहे. तारखेची नोंद नसेल तर ऐंशीची आजी या वाढीला मुकते, आणि आपण मुकलो हे तिला कळतही नाही.

बँकेतील खाते पत्नीसह संयुक्त आहे काय? अपंग अपत्य असल्यास त्याची वैद्यकीय दाखल्यासह नोंद झाली आहे काय? अशा अपत्यास नियमांच्या अधीन राहून आईबापांमागे आजन्म कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीसही काही अटींवर ते मिळते. हे कित्येक कुटुंबांना ठाऊकच नसते.

कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकारही समजून घ्यावेत. साधारण दर अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. निवृत्तीनंतर मृत्यू आल्यास पहिली सात वर्षे, किंवा दिवंगताच्या वयाची ६७ वर्षे पुरी होईपर्यंत, जे आधी होईल तोवर, वाढीव दर मिळतो. मृत्यू सैनिकी सेवेमुळे ओढवला असेल तर विशेष दर ६० टक्के असतो. युद्धात धारातीर्थी पडलेल्याच्या पत्नीस अखेरच्या वेतनाइतकी पूर्ण रक्कम मिळते. मृत्यूची नोंद कोणत्या शब्दांत झाली यावर हा सारा फरक अवलंबून असल्याने ते शब्द जाणत्या माणसाने वेळीच वाचले पाहिजेत.

दुरुस्तीचा अर्ज ज्या त्या दलाच्या अभिलेख कार्यालयाकडे जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगावातच आहे, ही आपली मोठी सोय. परंतु आपली सर्व मुले एकाच पलटणीत नव्हती. तोफखान्याचे कार्यालय नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला आणि वैद्यकीय दलाचे लखनौला. सत्तरीच्या विधवेने तेथे कसे पोहोचावे? संघाचा चिटणीस तिच्या वतीने जिल्हा सैनिक कार्यालयामार्फत अर्ज धाडतो, पावती जपून ठेवतो आणि उत्तर न आल्यास पुन्हा लिहितो. यात शौर्य काही नाही. पण यावर एक घर चालते.

शेवटची गोष्ट हयातीच्या दाखल्याची. तो दरवर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो. ऐंशी वर्षांवरील मंडळींना ऑक्टोबरपासून देता येतो. दाखला न गेल्यास पेन्शन थांबते. संरक्षण खात्याच्या पेन्शनचा कारभार आता ‘स्पर्श’ नावाच्या संगणकप्रणालीवर आला आहे आणि हयातीची नोंद बोटाच्या ठशाने किंवा मोबाइलवर चेहरा दाखवून करता येते. कष्टाने ज्यांच्या बोटांचे ठसेच झिजून गेले आहेत, जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्या घरी जाऊन हे काम कोणीतरी केले पाहिजे. त्याचप्रमाणे पेन्शनर निवर्तल्यावर ती बातमी ताबडतोब कळवली पाहिजे. अज्ञानाने चार महिने जादा उचललेली रक्कम पुढे वसूल होते, आणि ती नेमकी अडचणीच्या काळात होते.

दोन राज्यांच्या हद्दीवर

आपल्या भागास आणखी एक अडचण आहे. पेन्शन केंद्राची असली तरी पुष्कळशा सवलती राज्यांच्या असतात, आणि त्या रहिवासावरून ठरतात. खानापूरच्या माजी सैनिकास कर्नाटकाच्या बेळगाव येथील कार्यालयात जावे लागते, तर चंदगडच्या माणसास महाराष्ट्राच्या कोल्हापूर येथील कार्यालयात. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. नातीगोती, बाजार आणि इस्पितळ अजूनही इकडेच आहेत. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे एकाच पलटणीत होते, पण एकीला लागू असलेली सवलत दुसरीला नाही, असे येथे सहज घडते. त्यात पलटणीचे कागद हिंदी-इंग्रजीत, राज्याचे अर्ज कन्नडमध्ये आणि घरातील भाषा मराठी. म्हणून येथील संघाजवळ दोन्ही राज्यांच्या योजनांची माहिती आणि कन्नड उत्तम लिहिणारा एक तरी कार्यकर्ता असावा. भाषेच्या वादाशी या कामाचा संबंध नाही. विधवेचा अर्ज ज्या भाषेत लवकर मंजूर होईल ती भाषा त्या दिवशी आपली.

संघ कसा चालवावा?

चांगल्या संघाची लक्षणे थोडी आहेत. त्याची रीतसर नोंदणी असावी, वर्गणी अल्प असावी, हिशेब दरवर्षी तपासून सभेपुढे मांडावे. आठवड्यातील एक ठरलेला दिवस आणि ठरलेले दोन तास कचेरी उघडी असावी. पावसातही उघडी असावी. हुद्द्याचा मान राखावा, परंतु मत देताना सुभेदार आणि शिपाई सारखे असावेत. विधवांना पूर्ण सभासदत्व आणि कार्यकारी मंडळात जागा असावी, कारण निम्मे काम त्यांचेच आहे. निवडणुकीच्या काळात संघाचा फलक कोणत्याही पक्षाच्या मांडवात दिसू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, कागद करून देण्याबद्दल कोणाकडूनही पैसा घेऊ नये. टक्केवारीवर काम करणारे मध्यस्थ सर्वत्र आहेत. त्यांना पायबंद घालावयाचा तर फुकट आणि प्रामाणिक काम हा एकच उपाय आहे.

पुढील काळात संघापुढे एक नवे कामही येत आहे. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत तरुण चार वर्षांसाठी भरती होतात आणि त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम केले जाते. बाकीचे सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन ऐन पंचविशीच्या आत-बाहेर घरी येणार. योजनेच्या मूळ रचनेत त्यांना निवृत्तिवेतन नाही. हातात एकदम आलेला पैसा आणि पुढे सारे आयुष्य, अशा वयात सल्ला देणारा वडीलधारा लागतो. नियमाप्रमाणे ते माजी सैनिक ठरोत वा न ठरोत, संघाचे दार त्यांना बंद असू नये.

आपला वाटा

आपल्या संस्थेच्या सभासदांनी या कामात काय करावे? देणगी द्यावी, हे खरेच. परंतु पैशापेक्षा वेळेची गरज अधिक आहे. निवृत्त शिक्षक आणि बँकेतील मंडळी महिन्यातून दोन दुपारी अर्ज लिहून देऊ शकतात. महाविद्यालयातील मुलेमुली नोव्हेंबर महिन्यात मोबाइल घेऊन वृद्धांच्या घरी हयातीची नोंद करण्यास जाऊ शकतात. वकील प्रतिज्ञापत्रे विनामूल्य करून देऊ शकतात. संस्थेचे सभागृह आठवड्यातून एक सायंकाळ संघास वापरू देता येईल. पत्नीचे किंवा मुलीचे नाव बदलले असेल तेथे कागदपत्रांतही तो बदल वेळेवर व्हावा, हे तर प्रत्येक घरानेच पाहावयाचे आहे.

आणि ज्या घरात माजी सैनिक आहे त्या घरातील मुलांना एक विनंती. या आठवड्यात वडिलांजवळ बसून ती ट्रंक उघडावी. डिस्चार्जचे पुस्तक, पी.पी.ओ., आरोग्य योजनेचे कार्ड, बँकेचे पुस्तक आणि आईचे आधार कार्ड एकत्र ठेवून नावे व तारखा एकेक करून ताडून पाहाव्यात. फरक आढळल्यास दुसऱ्याच दिवशी संघाची कचेरी गाठावी. वडील विचारतील, ‘एवढी घाई कसली?’ त्यांना सांगावे की, शिस्त तुम्हीच शिकवली आहे, आणि हे काम आईसाठी आहे.